‘बस’चा उगम सांगताना सुटलेली गाडी

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं ही कला सातारा जिल्ह्यात जन्माला आली आणि तिचा आजचा सर्वांत मोठा कलावंत मी आहे. पाटणपासून शिरवळपर्यंत कुठल्याही स्टँडवर विचारा. म्हणजे, विचारू नका. मी सांगतोय ना. गाडी फलाटाकडे वळत असतानाच मी तिच्या बरोबरीनं पळतो आणि रुमाल असा सोडतो की तो तिसऱ्या बाकावर घडीसकट जाऊन बसतो. एकदा हात जरा जास्त लागला. रुमाल एका खिडकीतून आत गेला, समोरच्या खिडकीतून बाहेर पडला आणि शेजारच्या फलाटावरच्या कोल्हापूर गाडीत जाऊन बसला. मला जायचं होतं पुण्याला, पण इतकी चांगली जागा मिळाल्यावर सोडवेना. कोल्हापूरला जाऊन आलो.

ज्यांना हा रिवाज ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुमाल पडला की जागा त्याची. याला कुठलाही कायदा नाही, तरी तो कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो. रुमाल नसला तर टोपी चालते, छत्री चालते, पालेभाजीची पिशवी चालते. एका बाईनं खिडकीतून लेकरू आत सोडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या गुणी लेकरानं दोन्ही हात पसरून आईला, आजीला आणि स्वतःला अशा तीन जागा धरल्या होत्या.

माझा दुसरा नाद म्हणजे इंग्रजी शब्द. मी सातारला इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. पोरांना पाठ करायला शब्द दिला की त्याचा बाप कोण, आजा कोण, तो कुठल्या देशातून कुठल्या बंदरावर उतरला, हे सांगितल्याशिवाय मला पाणी गोड लागत नाही. पोरं वह्या मिटून घड्याळाकडे बघत बसतात. पण उगम सांगणारा माणूस घड्याळाकडे बघत नसतो, आणि पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

झालं असं की गेल्या वर्षी माझ्या भाचीचा सांगलीच्या विश्रामबागेत एका कॉलेजात नंबर लागला. पोरीनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. आता डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत होता, तोही शेवटच्या फेरीत, शेवटच्या दिवशी. मूळ कागदपत्रं घेऊन दुपारी दोनच्या आत हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावणार. बहिणीला ऑफिसातून सुटी मिळेना, म्हणून जबाबदारी माझ्यावर आली. सकाळी तिनं माझ्या हातात निळी फाइल दिली आणि म्हणाली, “दादा, ही पोरगी आणि ही फाइल, दोन्ही सांगलीला पोचवायची. तिसरं काही करायचं नाही.”

“तिसरं काय करणार मी?”

“तेच मला कळंना म्हणून सांगतेय.”

स्टँडवर आलो तर पावणेदहाच्या सांगली गाडीला ही गर्दी! अख्ख्या साताऱ्याला त्या दिवशी सांगलीत काय काम निघालं होतं कोण जाणे. गाडी वळणावर दिसली, मी बाह्या सरसावल्या, खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. मला चार दिवसांची सर्दी होती. रुमाल होता, पण तो चारचौघांत दाखवण्याच्या लायकीचा उरला नव्हता.

“मामा, जाऊ उभ्यानं,” भाची म्हणाली.

“उभ्यानं? माझ्यासोबत? लोक काय म्हणतील!”

तिची ओढणी मागितली. दिली नाही. गाडी तर समोरून फलाटाकडे निघालेली. माझ्या काखेत फाइल होती. मी पळालो आणि फाइल सोडली. काय सांगू तुम्हाला! ती फाइल घारीसारखी गेली. एका टोपीवाल्याच्या डोक्यावरून, दोन गजांच्या मधून, चौथ्या बाकावर खिडकीशी अलगद उतरली आणि पाठीला टेकून बसली, जणू तिनंच तिकीट काढलं होतं.

मागून किंकाळी आली. “मामा! त्यात माझी ओरिजिनल्स आहेत!”

“म्हणून तर! झेरॉक्सला कोण मान देतं? रुमाल लोक उचलून बाजूला टाकतात. सरकारी शिक्क्याची फाइल उचलायची कुणाची छाती आहे?”

आणि तसंच झालं. गाडी लागली, लोक आत घुसले, बाकं भरली. खिडकीतून बघतो तर फाइलच्या बाकावर कुणी नाही. शेजारी एक नऊवारीतली म्हातारी टेकली, तीही अंग चोरून, फाइलला धक्का लागू नये म्हणून. मी भाचीला म्हणालो, “बघितलंस? आता दाराची गर्दी ओसरू दे. ड्रायव्हर अजून चहाला गेलाय.” तिला काही ते पटलं नाही. पण बाटली भरून घ्यायची होती, म्हणून ती नळाकडे गेली. जाताना म्हणाली, “गाडीवर लक्ष ठेवा.”

लक्ष ठेवण्यासाठी मी चहाच्या टपरीवर गेलो. तिथून गाडी स्वच्छ दिसते. बाकड्यावर एक निवृत्त सुभेदार बसले होते. मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक कपबशी टांगावी.

“कुठं निघाला?” त्यांनी विचारलं.

“सांगलीला.”

“यष्टीनं का?”

आता इथं मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण माझ्या तोंडून गेलं, “बसनं.”

“तेच की. यष्टी.”

“सुभेदार, बस म्हणा. केवढा खानदानी शब्द आहे तो, माहीत आहे?”

“त्यात काय खानदान? बसायचं म्हणून बस. आमाला शाळंत आसंच सांगितलं हुतं.”

झालं! माझ्यातला मास्तर ताडकन उठला. हा खुलासा महाराष्ट्रात घराघरात सांगतात आणि तो साफ खोटा आहे. मी चहाचा ग्लास खाली ठेवला. सुभेदारांच्या शेजारी खाकी कपड्यांतला एक माणूस बशीतून चहा पीत होता, त्यानंही कान टवकारले.

“दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट,” मी सुरू केलं. “फ्रान्स देश. एका गावाबाहेर एका माणसाची पिठाची गिरणी होती. वाफेवर चालायची. माणूस फौजेतून निवृत्त झालेला.”

“मग बराबर हाय,” सुभेदार म्हणाले. “फौजी मानसाला पेन्शनीत गप बसवत न्हाई. माझंच बघा, तीन धंदं झालं.”

“गिरणीचं गरम पाणी वाया जायचं. त्यानं विचार केला, याच्यावर लोकांना आंघोळी घालू. न्हाणीघर काढलं. पण गावापासून लांब, कोण जाणार? म्हणून त्यानं गावाच्या मध्यातून न्हाणीघरापर्यंत घोड्यांची मोठी गाडी सुरू केली. गाडी दुसऱ्या दिवसापासून गच्च!”

“आन न्हाणीघर?”

“ठणठणीत कोरडं. लोक मधेच उतरायचे! कुणी बाजाराला, कुणी पाहुण्याकडे. आंघोळीला एक माणूस जाईना.”

खाकीवाला इतका हसला की त्याच्या बशीतला चहा हिंदकळला. “आमच्याबी गाडीत हायत की आसली. तिकीट शेवटच्या गावचं आन उतरत्यात मधीच,” तो म्हणाला.

“त्यानं न्हाणीघर बंद केलं आणि गाड्याच वाढवल्या. आता नाव. गाडी जिथं उभी राहायची तिथं म्हणे एका टोपीवाल्याचं दुकान होतं. त्यावर पाटी होती, तीत लॅटिनमधला एक शब्द: ओम्निबस. म्हणजे ‘सर्वांसाठी’. टोप्या सर्वांसाठी. लोकांनी ती पाटी बघून गाडीलाच ओम्निबस म्हणायला सुरुवात केली. ही टोपीवाल्याची गोष्ट खरी की रचलेली यावर पंडितांत भांडणं आहेत. मी तिथं असतो तर ती मीच रचली असती. पण शब्दाचा अर्थ पक्का. सर्वांसाठी.”

“मग ओम्नि कुठं गेलं?” सुभेदारांनी बरोबर पकडलं.

“इंग्रजांनी गिळलं! त्यांना घाई फार. पुढचं धड कापलं आणि शेपूट ठेवलं. आणि ते शेपूट म्हणजे काय, ठाऊक आहे? नुसता प्रत्यय! आपल्या ‘सर्वांना’मधलं ‘सर्व’ काढून टाकलं तर काय उरेल? ‘ना’! साहेब दोनशे वर्षं त्या ‘ना’मध्ये बसून हापिसला जातोय!”

टपरीवर हशा पिकला. टपरीवाल्यानं गॅस बारीक केला. मी विमानांतली एअरबस सांगितली, हौद्यासारखी उघडी दुमजली बस सांगितली. लंडनच्या एका बसमधून प्रवास करणारं मांजर सांगितलं, ते मी तिथल्या तिथं तयार केलं.

“म्हंजे सगळ्यांसाठी म्हनायचं आन सगळ्यांलाच गाळायचं,” सुभेदार मिशीवर हात फिरवत म्हणाले. “त्यापरीस आमची यष्टी बरी. दोन इंग्रजी अक्षरं हुती, आमी त्यांची धुऊन-पुसून लेक करून घेतली. माझी म्हातारी म्हनायची, यष्टी आली, यष्टी गेली, यष्टी रुसली.”

मी उत्तराला तोंड उघडलं. तेवढ्यात खाकीवाला उठला, कपडे झटकले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, “लय भारी सांगता राव. ऐकत बसावंसं वाटतंय, पर वेळ झाली.”

“या या,” मी म्हणालो. “सावकाश जा.” आणि हात हलवला. तो गेला त्या दिशेनंही मी हात हलवत राहिलो. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, ती टपरीवरून गेली, त्यानं हॉर्न दिला, तेव्हाही मी हात हलवला.

भाची पाण्याची बाटली घेऊन समोर उभी राहिली. “मामा, गाडी कुठाय?”

मी फलाटाकडे बघितलं. तिथं गाडीएवढी मोकळी जागा होती आणि तिच्यात एक कुत्रं आळस देत होतं.

चौकशीच्या खिडकीत कंट्रोलर होते. शांत माणूस. “पावणेदहाची वेळेवर गेली,” म्हणाले.

“तिच्यात आमची फाइल गेली हो!”

“कुणाबरोबर?”

“कुणाबरोबर नाही. एकटीच.”

त्यांनी चष्मा वर केला. “फाइल चढली आणि तुम्ही राहिलात?”

“ती जागा धरायला गेली होती,” भाची म्हणाली. तिचा आवाज असा होता की कंट्रोलरांनी चष्मा परत खाली घेतला. त्यांनी फोन उचलला, कराडच्या स्टँडला निरोप दिला आणि म्हणाले, “गाडी कराडात थोडी थांबते. वडाप मिळालं तर गाठाल.”

वडाप म्हणजे आमच्याकडची सीटा भरून चालणारी जीप. ती घड्याळावर चालत नाही, भरण्यावर चालते. स्टँडबाहेर कराडची एक उभी होती. ड्रायव्हर दाराला टेकून काडीनं दात कोरत होता.

“आवं, सा सीटा कमी हायत. भरल्याबिगर हालत न्हाई.”

मी विनवण्या केल्या. भाचीनं मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. तो म्हणाला, “ताई, घड्याळ तुमचं हाय, गाडी माझी हाय.” तेवढ्यात मागून आवाज आला, असा की रस्त्यावरची रिक्षा आपोआप थांबली. सुभेदार आले होते.

“पोरीची गाडी माझ्यापायी गेली,” ते म्हणाले. खरं तर माझ्यापायी गेली होती, पण वयानं मोठ्या माणसाला मी खोडून काढत नाही. त्यांनाही कराडलाच जायचं होतं. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि परेडच्या आवाजात ओरडले, “कराऽऽड! बैठोऽऽ!” मी देवाशपथ सांगतो, चालती माणसं वळली आणि रांगेनं जीपमध्ये चढली. त्यातल्या एकाला कोरेगावला जायचं होतं. तो गरीब बिचारा उंब्रजपर्यंत काही बोलला नाही. दहा सीटांच्या जीपमध्ये आम्ही एकोणीस जण झालो. माझा एक पाय माझा होता, दुसरा कुणाचा होता ते कराडात उतरल्यावर कळलं.

भाची माझ्याकडे बघत नव्हती. मी घसा खाकरला तर म्हणाली, “मामा, एक शब्द जरी कुठून आला म्हणालात, तर मी इथं उडी टाकेन.”

नागठाणं मागं गेलं तसं सुभेदारांनी तिला विचारलं, “शिकतीस काय, पोरी?”

“इलेक्ट्रिकल.”

“वायरीचं काम? झेपंल का?”

बघा, चूक केली. मघापासून गप्प असलेली पोरगी ताठ झाली. “सुभेदारकाका, तुमच्या गावात सबस्टेशन आहे ना? तिथं तांब्याची नाहीतर ॲल्युमिनियमची जाड पट्टी असते. येणारी वीज आधी तिच्यावर येते आणि मग तिच्यावरून सगळ्या लायनींना जाते. तुमची विहीर, तुमची गिरणी, तुमचा टीव्ही, सगळे तिचेच. तिला काय म्हणतात? बसबार. तो ‘बस’ पण त्याच ओम्निबसातला. सगळ्यांसाठी. कॉम्प्युटरच्या आतसुद्धा माहितीची ने-आण करणाऱ्या वाटेला बसच म्हणतात. मामांनी तुम्हाला घोडे सांगितले, आंघोळ सांगितली, मांजर सांगितलं. त्याच शब्दावर तुमच्या घरातला दिवा चालतो ते नाही सांगितलं.”

कोरेगाववाल्यानं मान डोलावली. मला बसबार माहीत नव्हता. पंचवीस वर्षं तो शब्द मी शिकवतोय आणि त्याची ही बाजू मला एका पोरीनं, माझ्या गुडघ्यावर दुसऱ्याची पिशवी असताना सांगितली.

“ह्या पोरीला टायमात पोचवलं पायजे,” सुभेदार ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हरनं जीप अशी काढली की मागच्या दोघांच्या टोप्या उंब्रजलाच राहिल्या.

कराडला सव्वाअकरा. गाडी गेलेली. चौकशीच्या खिडकीतला माणूस आमचीच वाट बघत होता. “निरोप मिळाला होता, साहेब. कंडक्टर फाइल आणायला आत गेला. पण शेजारची म्हातारी देईना. म्हणाली, ज्यानं जागा धरलीया त्याच्याच हातात दीन. गाडी खचाखच, वेळ झालेली. बेल मारली त्यानं.”

भाचीनं डोळे मिटले. सुभेदार तिथंच उतरणार होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघून नुसती मिशी पिळली.

पुढची सांगली गाडी वीस मिनिटांनी लागली. मला सबंध गाडीत बोटभर जागा मिळाली नाही. खिडकीतून जागा धरण्यातला जिल्ह्याचा सर्वांत मोठा कलावंत कराडपासून सांगलीपर्यंत एका पायावर, छताच्या दांड्याला लोंबकळत गेला. इस्लामपूरला साडेबारा वाजून गेले होते. आष्ट्याला भाची म्हणाली, “यादीतला पुढचा मुलगा तिथं येऊन बसला असेल.” मी दांडा दुसऱ्या हातात धरला. काय म्हणणार? माझ्या पोतडीत हजारो शब्द होते, त्यातला एकही तिच्या उपयोगाचा नव्हता.

सांगली स्टँडवर उतरलो तेव्हा दीड वाजून गेला होता. आमची पावणेदहाची गाडी फलाटावर नव्हतीच. भाची धावत सुटली, फलाट एक, फलाट दोन. आणि बाकड्यावर ती म्हातारी दिसली. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, शेजारी बाकावर निळी फाइल पाठीला टेकून बसवलेली. बाकड्याभोवती चार माणसं उभी होती, पण फाइलच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. शेजारी स्कूटीची किल्ली बोटावर फिरवत एक बाई रागानं लाल झाली होती.

“आवं, या की!” म्हातारी ओरडली. “कवाची बसलीया मी! ही माजी लेक, न्यायला आलीया. आरडून ऱ्हायलीया की घरी चल. म्हनलं, जागा धरलीया मानसानं, सोडून कशी येऊ?”

भाचीनं फाइल उघडली. सगळे कागद होते. तिनं म्हातारीचे पाय धरले. वेळ एक चाळीस. रिक्षा शोधायला मी वळलो, तर ती लाल झालेली लेक म्हणाली, “विश्रामबागेत जायचंय ना? मी तिथंच राहते. बस मागं.” भाची मागं बसली आणि स्कूटी गेलीसुद्धा.

मग बाकड्यावर मी आणि म्हातारी. फाइलच्या जागी मी बसलो.

“उंब्रजापसनं लोकं टपल्याली,” ती सांगायला लागली. “एक मोटा मानूस हुता, सोन्याची चैन घातल्याला. इस्लामपूरपातूर माज्या डोक्यावर हुबा. म्हनला, मावशी, ते कागद मांडीवर घ्या, मी बसतो. म्हनलं, आदी कागद कुनाचं हायत ते बगू. उगडलं. आत पोरीचा फोटू. त्याला दावला. म्हनलं, पोरीची जागा हाय ही. हुबा ऱ्हा.”

मला काय वाटलं ते मी इथं लिहीत नाही. स्टँडवरच्या घड्याळाचा मोठा काटा बाराकडे सरकत होता. मी तो हातानं धरून ठेवला होता, अशी माझी ठाम समजूत आहे.

दोनला फोन वाजला. “मामा, झालं.”

“झालं?”

“झालं. शिक्का मारून दिला. पाच मिनिटं राहिली होती.”

“काय म्हनली?” म्हातारीनं विचारलं. सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग आता जेवाया चला. सकाळच्यान पोटात काय न्हाई.”

थोड्या वेळानं स्कूटी आली. भाचीनं प्रवेशाचा कागद काढून म्हातारीपुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं, पूर्ण गोल, एकदा आणि परत एकदा. मग लेकीला म्हणाली, “ह्या दोगास्नी बी घे. पोरगी उपाशी हाय.”

“आई, एक स्कूटी आहे!”

“मंग काय झालं? सरकून बसू.”

आणि आम्ही चौघं त्या एका स्कूटीवर बसून विश्रामबागेपर्यंत गेलो. पुढं लेक, मग म्हातारी, मग भाची, आणि सर्वांत मागं मी, फाइल छातीशी धरून. वाटेत पोलिसानं शिट्टी फुंकायला तोंड उघडलं, म्हातारीकडे बघितलं आणि मिटलं. भाची म्हणते, असं काही झालं नाही, मी रिक्षानं मागून आलो होतो आणि फाइल तिच्याजवळ होती. पण भाकरी-पिठलं खाताना मी तिला विचारलं, “मग पोलीस कुठला?” तर तिला उत्तर देता आलं नाही.